उसनं नाक

आई, गेल्या थंडीत मला ताप आला, तो गेला, आणि जाताना माझा वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, सर्दी नाही, पण वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, वाट बघा. मला आधी कळलंच नाही. चहा बेचव लागला म्हणून मी चहाच्या पुड्याला नावं ठेवली, मग आल्याला, मग दूधवाल्याला. एक दिवस गॅसवर गवार करपून कोळसा झाली आणि मी शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसले होते. नवरा बाहेरून आला, धावत जाऊन गॅस बंद केला आणि म्हणाला, अख्ख्या जिन्यात वास भरलाय, तुला काही कळतंय की नाही? तेव्हा कळलं. खरं सांगू, भीती वाटायच्या आधी हसू आलं. म्हटलं, घ्या, आईची गादी शेवटी आपल्याकडे आली.

त्यात घरात बाळंतीण. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे ती तुला ठाऊक नाही, आणि आता तिलाही मुलगी झाली. बाळंतिणीचं घर म्हणजे सगळ्या वासांचं माहेर. ओव्याची धुरी, वेखंड, डिंकाचे लाडू, भरपूर लसूण घातलेली शेपूची भाजी, कोमट तेलाची वाटी. भेटायला येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच लांब श्वास ओढते आणि म्हणते, अगं बाई, काय घमघमाट सुटलाय. मी मान डोलावते. लाडू मीच वळलेले असतात, पण मला ते हाताला लागतात तेवढेच. आपलंच घर कुणीतरी काचेच्या कपाटात ठेवून आपल्याला बाहेरून दाखवावं, तसं वाटतं.

आयुष्यभर मी वर्तमानपत्रात काम केलं. किती शब्द आणि किती वाजेपर्यंत, एवढंच विचारायचं आणि लिहायला बसायचं. निवृत्त झाले तरी पुरवणीवाले अधूनमधून काही मागतात. या वेळी त्यांनी मागितला तो लेख ‘रोजच्या जगण्यात वासाचं महत्त्व’. माझ्या नाकाची हकिकत त्यांना माहीत नव्हती. मी हो म्हटलं, लिहायला बसले, पहिलाच शब्द ‘आई’ असा आला आणि लेख राहिला बाजूला.

तुला मुदतीचा ताप आला तेव्हा मी दुसरीत होते. तापातून तू उठलीस, केस गेले होते ते परत आले, अंगही भरलं, वास मात्र आला नाही. तू ते कुणालाच सांगितलं नाहीस. डोळे गेले तर लोक हात धरतात, कान गेले तर मोठ्यानं बोलतात, आणि नाक गेलं तर थट्टा करतात. तू फक्त मला सांगितलंस, तेही सांगावं लागलं म्हणून. दूध नासलंय का बघ गं. तूप कढलं का बघ. बिछान्याला कुबट येतंय का बघ. आणि रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून तू माझ्यापुढे वाकायचीस आणि हळूच विचारायचीस, माझ्या अंगाला वास येतोय का गं? मी हुंगून सांगायचे, साबणाचा येतोय. मग तू घराबाहेर पडायचीस. हा प्रश्न किती एकटीचा आहे, ते मला या हिवाळ्यात कळलं. मी आता दिवसातून दोनदा साडी बदलते.

बाकी तू फार हुशारीनं निभावलंस. तूप कढताना तड्‌तड् थांबली की तू पातेलं उतरवायचीस. धने भाजताना त्यांचा रंग बघायचीस. बाबा साखर कारखान्यातून यायचे ते मळीचा वास घेऊन. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना कपडे बाहेर काढायला लावायच्या, तू मात्र त्यांना तसंच आत घ्यायचीस. बाबांना वाटायचं, आपल्या बायकोचा आपल्यावर फार जीव आहे. जीव होताच म्हणा.

मग गावात बायकांची दूध डेअरी निघाली. मारुतीच्या देवळामागची पत्र्याची खोली, एक टेबल, मापं, फॅट तपासायच्या बाटल्या आणि रोज सकाळी दूध थंड करायला नेणारा चिलिंग सेंटरचा टेम्पो. तू चौथी पास होतीस आणि आकडे चोख लिहायचीस, म्हणून चेअरमनबाईंनी दूध घ्यायचं काम तुला दिलं. खोलीची किल्ली तुझ्या कमरेला आली. त्या दिवशी तू ती किल्ली पदराखाली न लपवता वर, दिसेल अशी खोचली होतीस. तुझं स्वतःचं असं त्या घरात, त्या गावात, तोवर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिलिंग सेंटरचे साहेब काम शिकवायला आले. मापाच्या आधी, लॅक्टोमीटरच्या डिग्रीच्या आधी त्यांनी एका किटलीचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि म्हणाले, बाई, हे पहिलं मशीन. एका खराब किटलीनं अख्खा टेम्पो नासतो. तू मान डोलावलीस. घरी येऊन बराच वेळ चुलीपुढे बसून राहिलीस, आणि मग मला म्हणालीस, उद्यापासनं माझ्यासंगं लवकर उठायचं.

तेव्हापासून शाळेआधी माझी जागा तुझ्या टेबलापाशी. नावाला माझं काम किटल्यांची झाकणं उघडायचं. झाकण काढता काढता मी वास घ्यायचे. दूध चांगलं असलं की झाकण टेबलावर उलटं ठेवायचे, नसलं की सुलटं. झाकणाकडे एक नजर टाकून मग तू वाकायचीस. काय वाकायचीस गं तू. डोळे मिटून, नाकपुड्या फुलवून, लांब श्वास ओढून, क्षणभर थांबून. मी घेतलेला वास कुणाला दिसायचा नाही, तू न घेतलेला मात्र सगळ्या रांगेला दिसायचा. रांगेतल्या बाया एकमेकींना सांगायच्या, हिचं नाक म्हंजे नाक हाय, लई तिखट.

नाव झालं की बोलावणी येतात. कुणाचं लोणचं बिघडलंय का, कुणाच्या तुपात भेसळ आहे का, हे बघायला तुला बोलवायला लागले. तू जायचीस, आणि मला बोटाला धरून न्यायचीस, पोरगी घरी एकटी राहत नाही म्हणून. एकदा तर पेरूच्या बागेतल्या नव्या बंगल्यात मेलेला उंदीर कुठं आहे ते शोधायला आपल्याला नेलं होतं. तू भारदस्तपणे एकेका खोलीत उभी राहत होतीस आणि मी तुझ्या निऱ्यांमागून फडताळाकडे बोट करत होते. उंदीर सापडला. त्यांनी तुझी ओटी भरली आणि पाटीभर पेरू दिले. वाटेत आपण दोघी इतक्या हसलो की मला उचकी लागली. त्या पेरूंचा वास घरभर आठवडाभर होता आणि मी तुला तो रोज सांगत होते. आज जरा गोड झालाय. आज जरा उतरलाय. तू ऐकायचीस, बातम्या ऐकाव्यात तशी. वास शब्दात सांगायचा कसा, हे मी तिथं शिकले. पुढे वर्तमानपत्रात तेच पोटापाण्याला आलं.

एका सकाळी चेअरमनबाईंच्या किटलीला वास होता. मी झाकण सुलटं ठेवलं. तू झाकणाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. तुझा हात कमरेच्या किल्लीकडे गेलेला मला दिसला. मी मान हलवली नाही, झाकण फिरवलं नाही. तू वाकलीस, श्वास घेतलास आणि म्हणालीस, बाई, आज तुमचं दूध घेता यायचं न्हाई. चेअरमनबाई किटली उचलून निघून गेल्या. घरी जाताना वेशीपाशी तू थांबलीस. मग विचारलंस, नक्की येत हुता ना? मी म्हटलं, कांद्याच्या पातीचा, ओल्या. तू म्हणालीस, मग झालं. पुन्हा त्यावर बोलली नाहीस. नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या नाकावर तू तुझी किल्ली पणाला लावलीस, आई. मला पुढे संपादकांनी, वाचकांनी बरंच काही दिलं, पण एवढा विश्वास कुणी टाकला नाही.

सातवी झाल्यावर गुरुजी घरी आले. नगरच्या शाळेत माझा नंबर लागत होता, राहायला वसतिगृह होतं. बाबा लगेच हो म्हणाले. मी नाही म्हटलं. मला तिकडं करमायचं नाही, मला डबा आवडत नाही, मला एसटी लागते, सुचेल ते सांगितलं. मला जायचं होतं गं. पण मी गेले की डेअरीत तुझं काय, हे फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. तू मला रागावली नाहीस. नुसतं म्हणालीस, लबाड बोलायला तू माझ्याकडनं शिकलीस, पन तुला जमत न्हाई.

त्यानंतर तू काय काय करून पाहिलंस. दुधाचा थेंब जिभेवर घेऊन पाहिलास. आंबट कळलं, खारट कळलं, पण रॉकेल, पात, धूर यांतलं काही जिभेला सांगता येईना. प्रत्येक दूध उकळून पाहायचं म्हटलं तर टेम्पो दुपारपर्यंत थांबला असता. धाकट्या चुलत भावाला माझ्या जागी उभं केलंस, तर त्याला प्रत्येक किटलीला शेणाचा वास यायचा, कारण तो स्वतः गोठ्यातून आलेला असायचा. शेवटी एका रात्री तू भाकरी थापता थापता म्हणालीस, उद्या झाकनं उघडू नगंस. पायरीवर बस.

मी पायरीवर बसले. रांग लागली. पहिली किटली टेबलावर आली तरी तू झाकणाला हात लावला नाहीस. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, “मला वास येत न्हाई. मुदतीचा ताप आल्यापासनं न्हाई. आजवर दूध घेतलं ते ह्या पोरीच्या नाकानं. ती आता नगरला चाललीय. किल्ली हितं हाय.”

मी पायरीवर गुडघ्यात तोंड घालून बसले होते. मला वाटलं, संपलं. मग रांगेतून आत्याबाईंचा आवाज आला. आत्याबाई म्हणजे साऱ्या गावाच्या आत्या, वयानं मोठ्या आणि तोंडानं त्याहून मोठ्या. त्या पुढे आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे माझी किटली माघारी धाडली ती ह्या टिचभर पोरीनं व्हय?”

मी वर न बघता म्हटलं, “रॉकेलचा वास येत होता, आत्याबाई.”

त्या म्हणाल्या, “येनारच. रात्री चिमनी कलंडली हुती. पन मी म्हटलं, कोनाला कळतंय.”

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग रांगच्या रांग. एकट्या चेअरमनबाई हसत नव्हत्या. त्या टेबलापाशी गेल्या. किल्ली उचलली. तुझा चेहरा मला पायरीवरून दिसत होता, तो मला आजही नीट आठवतो. चेअरमनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आन् माझी कांद्याची? मी म्हटलं, तीबी मीच. त्या म्हणाल्या, गाय पातीत शिरली हुती, मला घरी गेल्यावर कळलं. आणि मग त्यांनी ती किल्ली तुझ्या हातात परत ठेवली. म्हणाल्या, “दोन डोळे, दोन हात, चोख हिशेब. नाक तेवढं न्हाई. नाकं काय, आमाला सगळ्यांलाच हायत.”

तिथंच ठरलं. मागचीनं पुढचीची किटली हुंगायची आणि बोलायचं, बरं हाय का न्हाई ते. तू फक्त मापायचं. पहिल्याच सकाळी सासूच्या मागं सून आली आणि दोघींनी जागा बदलून मागितल्या. जिला सर्दी ती रांगेत सगळ्यांच्या पुढं. टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला, पण कुणाला घाई नव्हती. पुढे सुट्टीला घरी यायचे तेव्हा तू मला ते सगळं सांगायचीस. किटल्या हुंगता हुंगता कुणाकडे काल काय शिजलं ते गावाला कळायला लागलं. तुझ्या किटलीला हिंग येतोय, पापड केलेस नि बोलली न्हाईस. श्रावणात एका किटलीच्या कडीला सुक्या बोंबलाचा वास आला, तर ती बाई शपथेवर सांगत होती, मांजरानं आणला. तू सांगताना डोळे पुसायचीस हसून. स्वतःला एकही वास न येता तू गावातली सगळ्यात जास्त वास माहीत असलेली बाई झालीस. तुझी किल्ली तुझ्या कमरेला राहिली, पार शेवटच्या आजारापर्यंत.

मला नगरला सोडायला बाबा येणार होते. तू तालुक्याच्या गावी, राहात्याच्या स्टँडपर्यंत आलीस. एसटी लागली. बाबा माझी पेटी घेऊन चढले. तू माझं डोकं दोन्ही हातांत धरलंस, माझ्या भांगावर नाक टेकवलंस, डोळे मिटलेस आणि लांब श्वास ओढलास. मग म्हणालीस, “बरं हाय. जाऊ द्या.” मला हसू आलं आणि रडूही. मी इतकी वर्षं समजत होते की ते तुझं रोजचं सोंग होतं, मला हसवायला केलेलं. आता वाटतं, नसावं. ताप यायच्या आधी तू मला अंगावर पाजलं होतंस, पाठीवर घेतलं होतंस, माझ्या टाळूचा वास तुला पुरता माहीत होता. नाक गेलं तरी तो कुठं जातो?

परवा मला पहिल्यांदा काहीतरी वास आला. मोगऱ्याचा वगैरे नव्हे. बाळाच्या दुपट्यांच्या बादलीचा. मी बादलीवर वाकून उभीच राहिले. लेक आतून म्हणाली, आई, तू नक्की काय करतेयस? मी म्हटलं, जरा थांब, मजा येतेय. काल लसणाच्या फोडणीचा आला, आज सकाळी थोडा रॉकेलसारखा, कुठून ते देव जाणे, आत्ताच्या काळात रॉकेल कुणाकडे आहे? एकेक पाहुणा आपल्या सवडीनं परत येतो आहे, ओळीनं नाही. मी प्रत्येकाला दारात जाऊन घेते आहे.

लेख उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. तो मी वेगळा लिहीन, त्यात तू नसशील. तुझं गुपित तू एकदाच सांगितलंस, हव्या त्या लोकांपुढं, ते मी पुन्हा छापून कशाला सांगू. हे कागद घरातच राहतील, कुठल्या तरी पुस्तकात.

एकच सांगायचं राहिलं. आज दुपारी बाळाला न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन लेकीनं माझ्या मांडीवर दिलं. मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि श्वास घेतला. लेक बघत होती. तिनं जरा भीत भीतच विचारलं, आई, येतो का गं वास? मी म्हटलं, येतो की. तिचा चेहरा असा खुलला. म्हणाली, सांग ना, कसा? मी म्हटलं, अगदी तुझ्यासारखा. आई, टाळूचा वास मला अजून येत नाही. मी लेकीचाच आठवत होते.